गुडघ्याची तक्रार

या व्यासपीठावर माझ्या आधी बोलून गेलेली मंडळी विद्वान आहेत. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते भुसार बाजारातल्या थप्प्यांवर, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे चालकांनी ‘विषय तुमच्या मनाप्रमाणे घ्या’ असे सांगितले तेव्हा हा गृहस्थ मजुरीचे दर, बोनस, नाहीतर संप यांवर बोलेल, असेच त्यांना वाटले असणार. मी विषय कळवला तो असा : खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना गुडघे दुखू लागले तर काय करावे? चालकांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

परंतु मी विषय सोडून बोलणार नाही. गेली तीस वर्षे तक्रारी ऐकणे हाच माझा धंदा आहे. कामगार तक्रार घेऊन येतो तेव्हा दोन प्रकारचे लोक त्याचे नुकसान करतात. एक म्हणतो, ‘काही नाही रे, चालायचंच, सोस.’ दुसरा म्हणतो, ‘उद्यापासून काम बंद.’ दोघांनाही तक्रार काय आहे हे ऐकायचे नसते. गुडघ्याच्या बाबतीत नेमके हेच घडते, आणि यातल्या पहिल्या माणसाचे काम एकदा मी स्वतः केले आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

एका पोराची वही

आमच्या युनियनच्या कचेरीमागे पत्र्याची एक शेड आहे. एक लोखंडी दांडा, काही चकत्या, दोन खांबांचे स्टँड आणि एक जुनी गादी एवढ्या भांडवलावर आम्ही तेथे व्यायामशाळा चालवतो. हमालांची मुले संध्याकाळी येतात. त्यांतला एक एकोणीस वर्षांचा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरायचे, ही त्याची जिद्द. एके दिवशी तो मला म्हणाला, “काका, बैठकीतून उठताना वाटीच्या खाली कळ येते.” मी म्हणालो, “अरे, लोखंड उचलायचं तर थोडं दुखणारच. अंगावर काढ.” पोरगा शब्दाला मान देणारा. त्याने अंगावर काढले. तीन आठवड्यांनी तो जिना उतरताना कठडा धरू लागला.

मग तालमीतल्या एका वयस्क वस्तादांनी त्याला उलट सल्ला दिला : “बैठका बंद. पुरा आराम.” दोन महिने त्याने पाय हलवला नाही. दुखणे थांबले. तो आनंदाने परत आला, पूर्वीचेच वजन दांड्याला लावले, आणि चौथ्या दिवशी तीच कळ त्याच जागी हजर. सोसूनही बरे झाले नाही आणि सोडूनही बरे झाले नाही. पोराच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि मी त्याला घेऊन एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो.

तेथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. “दुखायला लागण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत तुम्ही वजन किती वाढवलंत?” पोराने खिशातून वही काढली. सहा आठवड्यांत साठ किलोंवरून पंच्याण्णव. आठवड्यातले दोन दिवस होते ते चार झालेले. बाईंनी विचारले, “आणि याशिवाय?” तेव्हा कळले की सणाच्या हंगामात तो दर रविवारी वडिलांबरोबर ट्रक खाली करायला जात होता. “ते वहीत का नाही?” “ते व्यायाम नाही म्हणून.” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या वहीत नसलं, तरी गुडघ्याच्या वहीत आहे.”

आज मला सांगायचे आहे ते या एका वाक्यात आले. गुडघ्याची तक्रार बहुतेक वेळा बैठकीबद्दल नसते. काम किती वेगाने वाढवले आणि मध्ये सुटी किती दिली, याबद्दल असते. म्हणून उपायही सोसण्यात किंवा सोडण्यात नाही, तो हिशेबात आहे.

सांधा कसा चालतो

हिशेब मांडायचा तर यंत्र ठाऊक हवे. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. त्यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राच्या आकाराच्या गाद्या असतात. त्या भार पसरवतात आणि धक्के झेलतात. सांध्याला बांधून ठेवणारे चार मुख्य बंध असतात. दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. पुढच्या बाजूला वाटी. ही वाटी म्हणजे केवळ झाकण नव्हे. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वाटीला जोडलेला असतो आणि वाटीपासून एक जाड, चिवट कंडरा नडगीपर्यंत जाते. विहिरीवरच्या रहाटाने दोराला जशी सोय होते, तशी वाटीमुळे स्नायूच्या ओढीला सोय होते. कमी ताकदीत पाय सरळ करता येतो.

आता बैठक घ्या. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरा. जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरा, खांदा बोंब मारतो. बादली तीच, पण खांद्यापासून तिचे अंतर वाढले. बैठकीतही तसेच होते. उभे असताना वजन थेट गुडघ्यांवरून जमिनीत उतरते. खाली जाऊ लागलो की गुडघा पुढे सरकतो, ढुंगण मागे जाते, आणि वजनाची उभी रेषा या दोहोंच्या मधून जाते. रेषेपासून गुडघा जितका लांब, तितके मांडीच्या स्नायूला ओढावे लागते आणि तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मांडी जमिनीला समांतर होते त्या सुमारास हे अंतर सर्वांत जास्त असते. म्हणून बहुतेकांना कळ येते ती त्याच टप्प्यावर.

आणखी एक गोष्ट मला वाचनातून कळली तेव्हा बराच उलगडा झाला. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर. तो काही आठवड्यांत बळावतो. कंडरेला रक्त कमी. तिला बळावायला महिने लागतात. कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नाहीत. सांध्यातला द्रव दाबाने आत-बाहेर होतो, स्पंजात पाणी जावे-यावे तसा, आणि त्यावर तिचे पोषण चालते. याचा अर्थ असा की तरुण पोराची मांडी सहा आठवड्यांत पंच्याण्णव किलोंना तयार होते, पण कंडरा अजून सत्तरवरच असते. मांडी म्हणते ‘उचल’, कंडरा म्हणते ‘थांब’. आणि पुरा आराम का फसतो हेही यातून कळते. विश्रांतीने कळ थांबते, पण कंडरा बळावत नाही. उलट ती आणखी मऊ होते, आणि आपण परत येतो तो जुनेच वजन घेऊन.

दोन भीती

बैठकीविषयी दोन समजुती फार पसरल्या आहेत, त्यांचा निकाल लावून पुढे जाऊ.

पहिली समजूत अशी की पूर्ण खाली बसले की गुडघे सैल होतात. ही भीती पसरली अमेरिकेतून. टेक्सास विद्यापीठातले कार्ल क्लाइन यांनी १९६१ साली वजन उचलणाऱ्यांचे गुडघे स्वतः बनवलेल्या उपकरणाने तपासले आणि पूर्ण बैठकांमुळे बंध ढिले होतात असा निष्कर्ष काढला. शाळांतून, सैन्यातून लोकांनी त्याचा धसका घेतला. पुढे इतरांनी निरनिराळ्या पद्धतीने तीच गोष्ट तपासली तेव्हा तसा सैलपणा आढळला नाही. पण भीती एकदा पसरली की खुलासा तिच्या मागून लंगडत येतो. मीराबाई चानू यांनी टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ४९ किलो वजनगटात ११५ किलो उचलून धरले. तो भार खांद्यावर घेताना त्या पूर्ण बैठकीत जाऊन मग उठतात. पूर्ण बैठकीने गुडघा आपोआप मोडत असता तर हा खेळच उरला नसता. अर्थात त्यामागे अनेक वर्षांची पायरी-पायरीने केलेली तयारी आहे, हे विसरू नये.

दुसरी समजूत अशी की गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे जाऊच देऊ नये. २००३ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात पुरुषांना आपापल्या वजनाइतका भार देऊन बैठका मारायला लावल्या. एकदा मोकळ्या आणि एकदा गुडघ्यांपुढे फळी उभी करून. फळीमुळे गुडघ्यावरचा पीळ सुमारे १५० न्यूटन-मीटरांवरून ११७ वर आला. हा फायदा झाला खरा. पण खुब्यावरचा पीळ सुमारे २८ वरून ३०३ वर गेला, आणि माणसे पुढे जास्त वाकू लागली. एका कामगाराचे ओझे कमी केले आणि ते न सांगता शेजाऱ्याच्या पाठीवर टाकले, असा हा प्रकार. तरीही या प्रयोगातून उपयोगी धडा मिळतो. गुडघा दुखत असताना काही आठवडे ढुंगण मागे नेऊन, स्टुलावर बसल्यासारखी बैठक मारावी. गुडघ्याला सवलत मिळते. ती सवलत कायमचा नियम समजू नये, आणि ज्याची कंबर दुखते त्याने ती घेऊ नये.

तक्रार कोठली आहे?

आमच्याकडे तक्रार आली की प्रथम खाते विचारतो. गुडघ्यालाही विचारावे.

वाटीच्या भोवती किंवा वाटीमागे, बोटाने नेमकी जागा दाखवता येत नाही असे बोथट दुखणे, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून किंवा सिनेमाच्या खुर्चीत बसल्यावर वाढणारे. हे वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधल्या दाबाचे. वाटीच्या खालच्या टोकाला एका बोटाने दाखवता येते, सुरुवातीला दुखते, अंग गरम झाले की कमी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, हे कंडरेचे. आमच्या पोराचे हेच होते. सांध्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, पाय वळवताना टोचणारे दुखणे गादीचे असू शकते. पन्नाशीपुढे सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडणारा आणि चाललो की सैल होणारा गुडघा बहुधा झिजेचा असतो.

नुसता कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, सुजत नाही, तर त्याची चिंता करू नये. आवाज करणारे सगळेच कामगार संपावर जात नाहीत.

पण काही तक्रारी अशा असतात की त्या घेऊन थेट डॉक्टरकडे जावे, माझ्यासारख्याचे व्याख्यान ऐकत बसू नये. इजा होताना ‘टच्’ असा आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला. गुडघा अडकला आणि सरळच होईना. चालताना पाय अचानक मुडपतो. पायावर भारच टाकता येत नाही. गुडघा लाल, गरम आहे आणि अंगात ताप आहे. किंवा काहीही न करता रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे. यांत एक दिवसही घालवू नये.

तडजोडीचा मसुदा

बाकीच्यांसाठी बाईंनी पोराला जो क्रम दिला तोच मी सांगतो. तो मी पुढे वाचूनही पडताळून पाहिला आहे.

पहिले कलम : दुखण्याला आकडा द्यावा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. बैठक मारताना तीनपर्यंत दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहावे. कालच्या सकाळइतकेच असेल तर काम योग्य होते. वाढले असेल तर काल जास्त झाले, पुढच्या वेळी कमी करावे. आठवड्यामागून आठवडा आकडा चढत असेल तर सगळाच क्रम हलका करावा. दुखण्याला शून्यावर आणूनच काम करायचे असे ठरवले तर काम कधीच सुरू होत नाही.

दुसरे कलम : स्थिर ताण. भिंतीला पाठ टेकून, गुडघे अर्ध्याहून थोडे जास्त वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे राहावे. ४५ सेकंद, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, असे पाच वेळा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली व्हॉलीबॉल खेळणाऱ्या, कंडरेचे दुखणे असलेल्या थोड्या खेळाडूंवर यंत्राच्या साहाय्याने असाच जोरकस स्थिर ताण देऊन पाहिला. दुखणे लगेच कमी झाले आणि पाऊण तास कमी राहिले. सगळ्यांनाच इतका आराम पडतो असे नाही, पण बैठकांआधी करून पाहायला खर्च काहीच नाही.

तिसरे कलम : वजन निम्म्यावर, गती संथ. पोराने पंच्याण्णव सोडून चाळीस किलो घेतले. मागे स्टूल ठेवून त्यावर ढुंगण टेकेपर्यंतच खाली. तीन मोजत खाली, तीन मोजत वर, आठ-आठ बैठकांचे तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा. हलके वजनही संथ केले की स्नायूला आणि कंडरेला पुरेसे काम मिळते, धक्का मात्र बसत नाही.

चौथे कलम : एका वेळी एकच वाढ. वजन वाढवले तर खोली वाढवू नये. खोली वाढवली तर दिवस वाढवू नयेत. पोराने आधी स्टूल काढून खोली वाढवली, मग आठवड्याला अडीच किलो. आमच्या शेडमध्ये सव्वा किलोच्या चकत्या नव्हत्या. त्या मुद्दाम आणल्या, कारण दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलोच होतात. मोठी चकती अभिमानाची असते, लहान चकती अकलेची.

पाचवे कलम : शेजाऱ्यांनाही कामाला लावावे. घोटा आखडलेला असेल तर बैठकीत टाच उचलली जाते किंवा गुडघा आत पडतो. भिंतीपासून पायाचा अंगठा दहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत, लांब ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का पाहावे. लागत नसेल तर हीच कसरत रोज करावी, आणि तोवर टाचेखाली पातळ फळी ठेवावी. मात्र फळीने गुडघा आणखी पुढे जातो, म्हणून कळ वाढत असेल तर ती काढावी. उठताना गुडघे एकमेकांकडे ओढले जात असतील तर वजन कमी करून ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहतील असे पाहावे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याची साधी कसरत खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट करते. वाटीभोवतीच्या दुखण्यात तिचा चांगला उपयोग होतो.

सहावे कलम : सगळे काम वहीत लिहावे. व्यायाम, हमाली, जिने, सायकल, रात्रपाळी, अपुरी झोप, सगळे. तालमीतल्या बिनवजनाच्या बैठकाही लिहाव्यात. शंभराच्या पाचशे केल्या तर ती वाढ पाचपट आहे, दांडा खांद्यावर नसला तरी.

काय करू नये, तेही सांगतो. वेदनाशामक गोळी खाऊन दांड्याखाली जाऊ नये. तक्रारपेटीला कुलूप लावून कारखाना नीट चालला आहे म्हणण्यासारखे ते आहे. शिवाय अशा गोळ्या सतत घेतल्याने पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. गुडघ्याला घट्ट पट्ट्या गुंडाळून वजन जास्त उचलता येते, पण तो उपचार नव्हे. ऊब देणारा साधा पट्टा बरा वाटत असेल तर वापरावा. आणि घाई करू नये. वाटीचे दुखणे सहा ते बारा आठवडे मागते, कंडरेचे त्याहूनही जास्त.

समोर बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींसाठी दोन शब्द. मीही तुमच्यातलाच आहे. झिजेच्या गुडघ्यालाही बेताचा व्यायाम हे आज पहिल्या उपचारांत गणले जाते. दांडा नको, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा सावकाश उठा-बसा, हीच आपली बैठक. खुर्ची उंच असेल तर सोपे, पाटाकडे जाल तसे अवघड. अंगावर चरबी जास्त असेल तर ती उतरवावी. झीज असलेल्या स्थूल माणसांच्या २००५ सालच्या एका अमेरिकन पाहणीत एक किलो वजन उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झालेला आढळला. इतका किफायतशीर करार मी आयुष्यात एकही केला नाही.

वजन ठरवणारा कोण?

आता शेवटचा मुद्दा, आणि हा विषय मी का घेतला त्याचे उत्तर.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, भुसार बाजारात हमाल होते. त्यांच्या काळी पोते क्विंटलचे. शंभर किलो पाठीवर, फळीवरून चढून थप्पीवर. वयाच्या पन्नाशीला ते दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवल्याशिवाय उठू शकत नव्हते. लहानपणी मला वाटे, म्हातारपण असेच असते. पुढे वाचले तेव्हा कळले की वर्षानुवर्षे उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि जड उचलणे ज्या धंद्यांत आहे, त्यांत गुडघ्याची झीज जास्त असते, हे अनेक देशांत आढळले आहे. खेळाडूही यातून पूर्ण सुटत नाहीत. फिनलंडमधल्या जुन्या नामांकित खेळाडूंची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वजन उचलणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांच्या आणि नेमबाजांपैकी ३ टक्क्यांच्या गुडघ्यांत झीज दिसली. तेव्हा वजनाला दात नाहीत असे मी म्हणणार नाही. अंगचे जास्तीचे वजन आणि कष्टाचे काम यांचाही त्या झिजेशी संबंध दिसला होता.

पण पोरगा आणि आबा यांच्यात एक फरक आहे. कळ आली तेव्हा पोराला दांड्यावरून चकती काढता आली. आबांना पोत्यातून दाणे काढता येत नव्हते. दोघांचा सांधा सारखा, पण वजन ठरवण्याचा अधिकार एकाकडे होता, दुसऱ्याकडे नव्हता. मी आत्ता जी सहा कलमे सांगितली, त्यांतले एकही आबांना लागू करता आले नसते. थोडे कमी उचल, संथ उचल, एक दिवस मोकळा ठेव, असे त्यांना सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे.

१९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहून नेण्याच्या ओझ्याची मर्यादा जेथे ५५ किलोंहून जास्त असेल तेथे ती लवकरात लवकर तेवढ्यावर आणावी. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाच्या कामाला नोंद मिळाली, मंडळे आली. पोते पन्नास किलोंचे करा ही मागणी हमालांच्या संघटना वर्षानुवर्षे लढल्या आणि अनेक मालांच्या बाबतीत ती मान्य झाली. ज्या दिवशी आमच्या बाजारात पहिली पन्नास किलोंची पोती उतरली, त्या दिवशी आबा काठी टेकत पाहायला आले होते. त्यांनी पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे आधी झालं असतं तर.” वाक्य पुरे केले नाही.

त्या आबांचा मुलगा एका पोराला म्हणाला होता, ‘अंगावर काढ.’ माझ्या लाजेचे कारण ते हेच. बाजारात ज्या वाक्याविरुद्ध मी तीस वर्षे भांडलो, ते वाक्य शेडमध्ये माझ्याच तोंडून निघाले.

पोराचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. त्या वर्षीची स्पर्धा चुकली. सात महिन्यांनी तो पुन्हा पंच्याण्णववर आला, तोही कळ न येता. पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरला. पदक मिळाले नाही. पण तो आता शेडमध्ये नव्या पोरांना शिकवतो. परवा एक लहानगा त्याला म्हणाला, “दादा, गुडघा दुखतोय.” मी कान देऊन ऐकत होतो. तो ‘सोस’ म्हणाला नाही, ‘सोड’ म्हणाला नाही. तो म्हणाला, “वही आण बघू.”